मी अडाणी म्हणणाऱ्या लक्ष्मीबाई



जबलपूर शहराच्या नकाशात तळ्यांची नावे पुष्कळ आढळतात. राणीताल, आधारताल, हनुमानताल, आणि आम्ही ज्या भागात राहतो ते चेरीताल. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली, हे आपण वाचलेच असेल. राणीताल तिचे, आधारताल तिच्या दिवाणाचे आणि चेरीताल तिच्या दासीचे, असे इकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. चेरी या शब्दाचा अर्थच दासी. तळ्याच्या जागी आता वस्ती झाली आहे. परंतु राणीच्या राज्यात दासीच्या नावाचेही एक तळे असू शकते, एवढी गोष्ट त्या नावात शिल्लक राहिली आहे.

या चेरीतालात एका घरी आमची मराठी प्रार्थनासभा भरली होती. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, शाळा अशा निमित्तांनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेली आमची कुटुंबे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. सभेत एका भगिनीला साक्ष देण्याची विनंती केली. त्या उठल्या नाहीत. आपले मराठी हिंदीने बिघडलेले, शिक्षण बेताचे, चारचौघांत बोलण्याची आपली योग्यता नाही, इतकेच हळू आवाजात सांगून त्या मान खाली घालून बसल्या. सभेनंतर स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता त्यांनी शेजारणीला मुलाच्या दुखण्यात प्रभूने आपल्याला कसे सावरले ते सांगितले. मी दाराशी उभा होतो. त्या दिवशी सभेत आम्ही जे जे बोललो, त्यात इतके जिवंत बोलणे कोणाचेच नव्हते. माझे तर नव्हतेच.

त्या रात्री मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. आपल्या मंडळीत हे नाव ठाऊक नसलेले घर विरळाच. तरीही त्यांचे चरित्र आज पुन्हा आपल्यापुढे मांडावेसे वाटते, कारण मी अडाणी आहे, मला काही येत नाही, हे वाक्य लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर वापरले, आणि तरीही त्या वाक्याला त्यांनी आपल्यावर अंमल गाजवू दिला नाही. हे त्यांना कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. सारे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीनंतर तिच्या आजोबांना सरकारने फाशी दिले. त्या आघातानंतर तिच्या वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याचे जे वेड शिरले, ते अखेरपर्यंत गेले नाही. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घ्यावे लागे. मीठ धुतल्यावर काय उरते, हे आपल्याला सांगावयास नको. घरातील बायकामुले त्या धाकात दिवस काढीत. आपल्या स्पर्शाने काहीतरी विटाळेल, आपल्या हातून काहीतरी चुकेल, ही भीती मनूने दुधाबरोबर प्याली. मुलीने अक्षर शिकावे, हा विचारच त्या घरात नव्हता.

वाचकहो, स्वतःविषयी हीन बोलण्याची जी सवय आपल्याला जडलेली असते, तिचा उगम बहुधा असाच असतो. पहिल्यांदा ते शब्द दुसऱ्या कोणाचे असतात. बापाचे, सासूचे, मास्तरांचे, मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्याचे. पुढे ती माणसे दूर जातात, काही मरूनही जातात, आणि त्यांची वाक्ये मात्र आपल्याच आवाजात आपल्या आत चालू राहतात. आपल्याला वाटते, ही आपली नम्रता आहे.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, कोकणातील करजगावचे. बुद्धी विलक्षण, संस्कृतावर प्रभुत्व, कवित्व अंगभूत. आणि संसाराच्या नावाने शून्य. पगार हाती आला की वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन टाकायचा, नोकरी मनातून उतरली की सोडून चालू लागायचे, कधी घरी काही न सांगता दिवसचे दिवस नाहीसे व्हायचे. सासरे वामनराव तापट आणि संशयी. घरात विद्येचा एवढा मोठा माणूस आणि त्याच्या शेजारी ही निरक्षर मुलगी! तुलना कोणी बोलून दाखविली नाही तरी ती समोर होतीच.

टिळकांनी तिला शिकविण्याचा प्रयत्न पुष्कळदा केला. पण शिकविणाऱ्याला धीर नव्हता. धडा सुरू होई, चूक होई, टिळक संतापत, धडा बंद पडे. काही महिन्यांनी पुन्हा उत्साह येई. या तऱ्हेने लक्ष्मीबाई हळूहळू वाचू लागल्या, लिहू लागल्या. जोडाक्षरांशी त्यांची झटापट मात्र फार वर्षे चालली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या शिकविण्याच्या प्रसंगांविषयी पुढे म्हातारपणी लिहिताना लक्ष्मीबाईंनी स्वतःला झाकले नाही, आणि नवऱ्यालाही झाकले नाही. दोघांचीही थट्टा त्यांनी सारख्याच मोकळेपणाने केली. ज्याला आपल्या अज्ञानाचे हसू येते, त्याला त्या अज्ञानाची भीती राहत नाही. न्यूनगंडाने ग्रासलेला मनुष्य आपल्या उणिवा रडून सांगतो किंवा लपवतो. त्यांच्याकडे पाहून त्याला हसता येत नाही.

नाशिक, नागपूर, राजनांदगाव, असा हा संसार फिरत राहिला. राजनांदगाव आज छत्तीसगडात आहे. तेव्हा ते मध्यप्रांताच्या छायेतील एक लहानसे संस्थान होते. जबलपूरही त्याच मध्यप्रांतात, म्हणून आम्हा इकडच्या लोकांना हा भाग वाचताना थोडी आपुलकी वाटते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले आणि त्यांनी नव्या कराराचे पुस्तक टिळकांच्या हाती ठेवले. तो प्रवास आपणांस परिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या नियतकालिकांतून हा दिवस नेहमी आनंदाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवसाकडे क्षणभर लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहा. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाइकांची दया आणि शेजाऱ्यांची कुजबुज. पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. दुःखाने त्या अंथरुणाला खिळल्या, पुन्हा उठल्या. याच काळात त्यांच्या तोंडून कविता येऊ लागली. कोणी शिकविली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती.

टिळक त्यांना भेटत, पत्रे लिहीत, परत येण्याविषयी विनवीत. एवढा विद्वान पती एका नव्या श्रद्धेने पेटलेला आहे आणि पत्नी तर स्वतःला अडाणी म्हणविते. आपल्याला वाटेल, ती मुकाट्याने मागे जाईल, किंवा नातेवाइकांच्या म्हणण्याप्रमाणे मुकाट्याने दूर राहील. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही. चार-पाच वर्षांच्या विरहानंतर त्या मुलाला घेऊन नगर जिल्ह्यात टिळकांकडे गेल्या खऱ्या, पण आपला धर्म आपल्याबरोबर घेऊन गेल्या. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळे सोवळे. टिळकांनीही त्याची सोय करून दिली, हे त्यांच्या मनाचे मोठेपण. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असा तो संसार काही काळ चालला.

मग एके दिवशी जातिभेदाविषयी विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणच निर्णय दिला. देवाने पशुपक्ष्यांत जाती केल्या, माणसांत स्त्री-पुरुष केले. ब्राह्मण आणि महार हे भेद त्याने केलेले दिसत नाहीत, तेव्हा ते माणसांचेच. हे पटल्याबरोबर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे बंधन सोडून दिले. ज्या बापाच्या घरी मीठ धुतले जात होते, त्याची ही मुलगी! १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मला या चरित्रातील सर्वांत मोठा आत्मविश्वास येथे दिसतो, पुढच्या कीर्तीत नव्हे. ज्या बाईला आपल्याला काही कळत नाही असे सतत वाटे, तिने आयुष्यातील सर्वांत कठीण प्रश्नावर स्वतःच्या मनाखेरीज कोणाचाही कौल घेतला नाही. समाजाचा नाही, आणि प्रेमाच्या माणसाचाही नाही. प्रभूकडे ती कोणाच्या मागून आली नाही, आपल्या पायांनी आली. आपल्या मंडळीत कितीतरी भगिनी, आणि बंधूही, विश्वासाच्या गोष्टीत पाळकांचे किंवा पतीचे मत तेच आपले मत मानून बसतात आणि त्याला नम्रता म्हणतात. लक्ष्मीबाईंचे उदाहरण त्यांना थोडे अडचणीचेच वाटेल.

येथे जरा विषयांतर करतो. अ‍ॅरन बेक नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात खिन्न रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या वाक्यांचा अभ्यास केला. मी निरुपयोगी आहे, माझ्याने काही होणार नाही, अशी ती वाक्ये. बेक रुग्णाला धीराचे चार शब्द सांगून थांबत नसत; ते त्या वाक्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करीत. हे खरे कशावरून? याच्या विरुद्ध काही पुरावा आहे काय? आज जगभर जी उपचारपद्धती चालते तिचा पाया हा आहे. लक्ष्मीबाईंना हे शास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्यांच्या जीवनात तीच रीत दिसते. मला येत नाही, असे म्हणत त्या ते काम हाती घेत, आणि काम झाल्यावर पुरावा आपोआप समोर उभा राही. (मात्र वाचकहो, मनावरचे मळभ महिनोन्‌महिने हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर प्रार्थनेबरोबर वैद्याकडेही जावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.)

ही कामे तरी किती! टिळकांच्या घरी दुष्काळातील पोरकी मुले येत. त्यांची पोटे भरण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे. प्लेगाच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. खानदेशातून आलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा हळवा, लहरी मुलगा टिळकांच्या घरी राहिला; महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांनी त्याच्या कवितेला उत्तेजन दिले, हे सर्वजण लिहितात. त्याचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी काढले. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्यांचा मुलगाच गेल्यासारखे झाले.

पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत प्रभूच्या सान्निध्यात गेले. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले होते. त्यांची भक्तिगीते मंडळ्यामंडळ्यांतून गाइली जात होती. मागे राहिले ते एक अपुरे महाकाव्य. ख्रिस्ताचे जीवन मराठी काव्यात सांगावयाचे, असा ख्रिस्तायनाचा संकल्प त्यांनी केला होता आणि सुमारे दहा-अकरा अध्यायांवर लेखणी थांबली होती.

आता पाहा. पन्नाशीची विधवा. शाळा न पाहिलेली. पती हा महाराष्ट्राने मान्य केलेला कवी, आणि त्याच्या अपुऱ्या ओळीपुढे आपली ओळ ठेवावयाची. वाचणारा प्रत्येकजण तुलना करणार, हे उघड होते. मी काय लिहिणार, असे म्हणून तो कागदाचा गठ्ठा पेटीत ठेवून दिला असता, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. उलट केवढी पतिनिष्ठा, केवढा विनय, अशी स्तुतीच झाली असती. मत्तयाच्या शुभवर्तमानातील रुपयांचा दाखला आठवतो ना? तिसरा दास चोर नव्हता, उधळ्या नव्हता. तो भ्याला आणि त्याने रुपया पुरून ठेवला. धन्याने त्याला विनयशील म्हटले नाही.

लक्ष्मीबाईंनी रुपया पुरला नाही. पुढील वर्षांत, मुंबईला, कराचीला, नाशिकला बिऱ्हाड हलत असताना, नातवंडांच्या गलबल्यात, त्यांनी एकामागून एक अध्याय लिहिले. एक नव्हे, दहा नव्हे, चौसष्ट. टिळकांच्या ओळीची उंची प्रत्येक ठिकाणी गाठली गेली आहे काय, असा प्रश्न एखादा टीकाकार विचारील, विचारू द्या. त्यांना टिळक व्हावयाचे नव्हते. काम अपुरे होते आणि पूर्ण करावयाचे होते. आत्मविश्वास म्हणजे आपण थोर आहोत अशी खात्री, असे आपण समजतो. लक्ष्मीबाईंकडे पाहिले की तो पुष्कळदा हातातल्या कामाविषयीच्या प्रेमाचाच एक प्रकार वाटतो. मनुष्य कामाकडे पाहू लागला की स्वतःकडे पाहण्यास त्याला सवड उरत नाही.

मग स्मृतिचित्रे. त्या पुस्तकाची कथा तर याहून नवलाची. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात, एवढीच अपेक्षा. आई लिहू लागली. आणि टिळकांच्या आठवणी लिहिता लिहिता पानापानांतून एक दुसरेच माणूस उभे राहिले, ते म्हणजे लिहिणारी स्वतः. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तक निघाले आणि जाणत्या वाचकांनी ते डोक्यावर घेतले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची नावे आज कोणीही सांगू लागला, तर हे पुस्तक पहिल्या दोन-तीन नावांत येते. १९५० साली जोसेफीन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. २०१७ साली शांता गोखले यांनी ते पुन्हा नव्याने इंग्रजीत नेले.

या पुस्तकाचे सामर्थ्य कशात आहे? भाषेत. आणि ती भाषा कोणती, तर शाळेने न घडविलेली. माजघरात, विहिरीवर, चुलीपुढे बायका जशी बोलतात तशी. लहान वाक्ये, नेमका शब्द, खोचक विनोद, आणि दुःखाच्या जागी अश्रूंचा एकही जादा थेंब नाही. ज्या उणिवेची त्यांना जन्मभर लाज वाटावी असे जगाला वाटत होते, तीच त्यांची ठेव ठरली. चांगले संस्कृतप्रचुर शिक्षण मिळाले असते, तर लक्ष्मीबाईंनी त्या काळच्या इतर पुष्कळ पुस्तकांसारखे एक पुस्तक लिहिले असते आणि ते आपण कधीच विसरलो असतो. लोकांनी त्यांना साहित्यलक्ष्मी म्हटले. त्यांनी मात्र आपले अडाणीपण सांगण्याचे थांबविले नाही. फक्त ते आता दुखणे राहिले नव्हते, माहिती होती. माझी उंची अमुक, माझे गाव तमुक, आणि मला जोडाक्षरे जड जातात.

मोशेने आपली जीभ जड असल्याचे सांगितले, यिर्मयाने आपले वय पुढे केले, गिदोनाने आपले घराणे. देवाने त्यांपैकी कोणाशीही त्या उणिवेविषयी वाद घातला नाही, हे मला नेहमी विशेष वाटते. मोशेची जीभ काही एका रात्रीत मोकळी झाली नाही. त्याला तशाच जिभेसह फारोकडे पाठविले. आणि मरीयेने स्वतःला प्रभूची दासी म्हटले ते नकार देण्यासाठी नव्हे, होकार देण्यासाठी. आपण दासी हा शब्द बहुधा उलट अर्थाने वापरतो.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिक येथे ख्रिस्तवासी झाल्या. ख्रिस्तायन छापलेले त्यांना पाहावयास मिळाले नाही. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर आला; आरंभ पतीचा, मधला विस्तार पत्नीचा, शेवट मुलाचा. त्यांची स्फुट कविता भरली घागर या नावाने प्रसिद्ध झाली.

चेरीतालातील त्या भगिनीला मी माझ्याकडील स्मृतिचित्रांची प्रत नेऊन दिली. आपल्याला एवढे जाड मराठी पुस्तक वाचवणार नाही, असे त्यांनी घेतानाच सांगितले. महिना होऊन गेला. परवा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पुस्तक स्वयंपाकघरात फळीवर उघडे पालथे ठेवलेले होते, पीठाची बोटे उमटलेली. परत मागण्यासाठी गेलो होतो. पण त्यांनी चहा ठेवता ठेवता मीठ धुणाऱ्या त्या वडिलांची गोष्ट मलाच सांगावयास सुरुवात केली, त्यांच्या त्या हिंदीमिश्रित मराठीत, आणि मी ऐकत बसलो.